ताडपत्रीचं शीड आणि पाचशेचा स्टॅम्प

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही पानशेत धरणाच्या पाण्यात एक होडी सोडली. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन्ही टोकांना चौकोनी. लांबून पाहिली तर कुणाची तरी लोखंडी कॉट वाहून आली असं वाटावं. पुण्याच्या गोखलेनगर-जनवाडी वस्तीतल्या पाच मुलांनी ती बांधली, मी बरोबर होते. सात महिने लागले, ४०,६१० रुपये लागले, आणि यातला निम्मा वेळ लाकडात नाही, कागदात गेला. मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणी असं काही लिहिलेलं सापडलं नव्हतं, म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते. नावं घालायची नाहीत, ही मुलांची अट.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढते आणि शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवी-नववीला भूमिती शिकवते. होड्यांशी संबंध म्हणाल तर कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते. सत्तावीस फुटी व्हेलर वल्हवली आहे, तिच्यावर शीडही चढवलंय. पण त्याला बावीस वर्षं झाली.

अभ्यासिकेत दरवर्षी एक व्यक्तिमत्त्व विकास शिबिर होतं. एक दादा येतात, माइक हातात देतात आणि ‘मी करू शकतो’ असं तीनदा ओरडायला लावतात. मुलं ओरडतात. आमच्याकडे नववीत एक मुलगा आहे, फळ्यापाशी बोलावलं की त्याच्या पोटात दुखतं. तोही ओरडला. सोमवारी पुन्हा पोटात दुखलं.

न्यू जर्सीच्या मावसबहिणीशी फोनवर हे बोलत होते, तेव्हा तिने न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ‘रॉकिंग द बोट’बद्दल सांगितलं. १९९६ साली सुरू झालेला उपक्रम, तिथली शाळकरी मुलं स्वतःच्या हातांनी लाकडी होड्या बांधतात आणि ब्राँक्स नदीत नेतात. मी म्हटलं, तुमच्याकडे नदी आहे बाई. आमच्याकडे मुठा आहे. पण डोक्यातून ते जाईना.

आराखडा नेटवर फुकट मिळाला. पडल डक नावाची अमेरिकन होडी आहे, मुद्दाम नवशिक्यांसाठी काढलेली. आठ बाय चारचे प्लायवूडचे तीन तक्ते पुरतात. प्लायच्या कडांना भोकं पाडायची, तारेने कपडा शिवावा तसे तुकडे शिवायचे, मग सांध्यात एपॉक्सी नावाच्या रासायनिक डिंकाची आणि भुशाची लापशी भरायची, वरून फायबरची पट्टी. ब्रिटनमध्ये १९६२ साली मिरर नावाची छोटी होडी याच पद्धतीने निघाली आणि लोकांनी ती घरच्या गॅरेजात हजारोंनी बांधली. आमच्याकडे गॅरेज नव्हतं. वस्तीतल्या एका मेस्त्रींची फर्निचरची शेड होती, रविवारी बंद असायची. मेस्त्रींनी आराखडा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, “हे तर बिनदाराचं कपाट आहे. आडवं केलेलं.” तिथून पुढे आमच्या बोलण्यात होडीचं नाव कपाटच पडलं.

पहिली बैठक २० जुलै २०२४ ला झाली. पाच मुलं: तीन मुलगे, दोन मुली. मी एका पानाचं संमतीपत्र छापलं होतं आणि वाटलं होतं की आठवड्यात सह्या होतील. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं. दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तेच व्हिडिओ. शनिवारी पाचांपैकी तीन संमतीपत्रं कोरी परत आली.

दोघांच्या आई-वडिलांना दहा मिनिटं बोलल्यावर पटलं. तिसऱ्या घरात मात्र नातीची पालक आजीच. मी गेले तेव्हा त्या साडीला फॉल लावत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कुठं नेणार पोरीला?”

“पानशेतला, आजी.”

मशीन थांबलं. मला माझी चूक कळायला जरा वेळ लागला. ही सगळी वस्ती पूरग्रस्तांची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आजी नऊ वर्षांच्या होत्या आणि कसब्यात नदीच्या अंगाला राहत होत्या. लकडी पुलावरून पाणी गेलं त्या दिवशी त्यांचं घर गेलं. म्हणून त्या गोखलेनगरात आल्या. आणि मी त्यांच्या नातीला त्याच पाण्यावर, ताडपत्रीचं शीड लावून, कपाटात बसवणार होते.

तासभर बसले. चहा झाला. शेवटी आजींनीच तोडगा काढला: “होडी बांधू दे तिला. बसायचं नाही.”

याच्यावरून एक गोष्ट शिकले, ती तुमच्याही उपयोगी पडेल. संमतीपत्रं दोन करा. एक बांधकामाचं, एक पाण्यावरचं. पहिल्यावर बहुतेक सगळे सह्या करतात. दुसऱ्यासाठी घाई करू नका, तोवर मुलं हातोडी कशी धरतात ते घरच्यांना दिसलेलं असतं. दोन्ही पत्रांत डॉक्टरांच्या दाखल्याची आणि रक्तगटाची जागा ठेवा, नाहीतर पुन्हा पाच घरं फिरावी लागतात. मी फिरले. आणि मुलांबरोबर काम करायचं तर स्वतःचा पोलिसांचा चारित्र्य दाखला कुणी मागायच्या आधी काढून ठेवा. अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणीत दिवस जातात.

पाचांपैकी चौघांना पोहता येत नव्हतं. ऑगस्टभर सकाळी महापालिकेच्या तलावावर गेलो. ती फी पालकांनी भरली, वरच्या हिशेबात ती नाही. आजींच्या नातीचं पोहणं बांधकामात मोडतं की नाही, यावर थोडा वाद झाला. मोडतं, असं ठरलं.

सामान पुण्यातच मिळतं, सगळं. तक्ते भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये घेतले: सहा एमएम मरीन प्लाय, कडेला आयएस ७१० चा शिक्का बघून, २,४५० ला एक. दोऱ्या आणि पुल्या बोहरी आळीत. शिवायची तांब्याची तार मोटर वायंडिंगवाल्याने फुकट दिली, जळक्या मोटरमधली. पैशांचं म्हणाल तर पंधरा हजार माझे, पाच हजार गणेश मंडळाचे, बाकी ऑफिसातल्यांनी आणि ओळखीपाळखीच्यांनी दिले. मंडळाने पाच हजार दिले आणि त्या बदल्यात गणपतीचे दहा दिवस पाचही मुलं नेली, त्यामुळे ७ ते १७ सप्टेंबर काम बंद.

२२ सप्टेंबरला कापायला सुरुवात केली. होडीच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या हव्यात. दोन तक्ते एकावर एक शिकंज्यात आवळून एकदमच कापायचे असतात. मेस्त्री त्या दिवशी उशिरा आले आणि मला हे सुचलं नाही. पोटात दुखणाऱ्या मुलाने दुसरी बाजू वेगळी कापली. पुढच्या रविवारी तारेने शिवून होडी उभी केली तर ती लंगडी. एक कोपरा जमिनीला टेकेचना. मेस्त्रींनी टेप लावला, गुण्या लावला आणि म्हणाले, “तीन सूत कमी. कुणी कापलं?”

कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही आठवडाभर माहीत होतं. कमी पडलेली कड त्याने भिंतीकडे करून ठेवली होती.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. मी त्याच्या आईला फोन करणार होते, मेस्त्री म्हणाले, नको, मी बघतो. ते त्याच्या घरावरून गेले आणि दारातूनच सांगितलं, “पाइनची पट्टी मारून भरून काढू. ती पट्टी तासायला ये.” बस्स, एवढंच. तो आला. रंगाखाली ती पट्टी अजून हाताला लागते.

एपॉक्सीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवखा माणूस सगळ्यात जास्त पैसे इथेच घालवतो. एपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. ते वजनावर मोजायचे, अंदाजाने कधीच नाही. आमच्या मालाला शंभर ग्रॅमला दहा असं प्रमाण होतं. तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. हार्डनर वाढवला की लवकर सुकतं, हा गैरसमज आहे. आणि एका वेळी थोडंच कालवा. २० ऑक्टोबरला मी शहाणपणा करून अर्धा किलो एकदम कालवलं. ऑक्टोबर हीट, त्यात मगात साठलेला माल स्वतःच्याच उष्णतेने तापतो. पाच मिनिटांत मग धुमसायला लागला, प्लास्टिक वाकलं आणि मुलं “ताई, पळा!” म्हणून ओरडली. मग अंगणात नेऊन ठेवला. साडेचारशे रुपयांचा पिवळा दगड झाला. तो आता अभ्यासिकेत पेपरवेट आहे. तेव्हापासून नियम केला: दोनशे ग्रॅमच्या वर नाही, पसरट भांड्यात, आणि मोजणारा एक, लिहून घेणारा दुसरा.

२७ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, आतले सांधे भरत होतो. तो मुलगा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसला होता. आजींची नात चमच्याच्या पाठीने सांध्यात लापशी ओढत होती. वितीएवढा सांधा छान गुळगुळीत झाला, दुसरा सुरू झाला आणि मागून आवाज आला, “थांबा.”

तो काट्याकडे बघत होता. “ताई, थांबा. मी दहाच घातलं. दोनशेला वीस पाहिजे होतं.”

आवाज मोठा नव्हता, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेला. कान लाल झाले होते त्याचे. तो गप्प राहिला असता तर आम्हाला दोन दिवसांनी कळलं असतं, सांधा कायमचा चिकट राहिला असता आणि कुणी मोजलं हे कुणालाच आठवलं नसतं. आजींच्या नातीने चमचा खाली ठेवला, लांबी भरायचा पत्रा उचलला आणि खरवडायला लागली. तोही शेजारी बसला. तासभर पाचही जण थिनरच्या बोळ्यांनी तो सांधा पुसत होते. मेस्त्री कोपऱ्यात बिडी शोधत होते, थिनर आहे म्हणून पेटवली नाही. कुणी शाबासकी दिली नाही, मीही नाही. दिली असती तर तो दुसऱ्या दिवशी आला नसता, असं मला अजून वाटतं.

आता कागदांकडे येते. धरणाचं पाणी कुणाच्या अखत्यारीत आहे ते आधी नीट विचारा. पाणी एकाकडे, काठ दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे आणि पोलीस ठाणं चौथं, असं असू शकतं. मी अर्ज ३० सप्टेंबरला दिला. सोबत होडीचं ड्रॉइंग, मुलांची यादी, सुरक्षेचा आराखडा. एका खिडकीवर छापील नमुना मिळाला, त्यात ‘इंजिन क्रमांक’ आणि ‘अश्वशक्ती’ असे दोन रकाने होते. मी म्हटलं, साहेब, हिला इंजिन नाही, वाऱ्यावर चालते. ते म्हणाले, रकाना रिकामा ठेवता येत नाही. दोन्हीकडे ‘लागू नाही’ लिहिलं. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि उत्तर आलं, निकालानंतर या. निकाल २३ नोव्हेंबरला. मी २८ ला गेले. तेवढ्यात हमीपत्रासाठी आणून ठेवलेला शंभरचा स्टॅम्प बाद झाला होता, ऑक्टोबरच्या मध्यापासून तेच काम पाचशेवर गेलं. नोटरीचे तीनशे वेगळे. आपण मुलांकडून पैसे घेत नाही, हा व्यवसाय नाही, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा. मी चौथ्यात लिहिलं होतं, तिथवर कुणी वाचत नाही.

विमा एका एजंटने पाच मिनिटांत काढून दिला होता. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर ‘जलक्रीडा वगळून’. मग पैसे परत घेऊन दुसरीकडून काढला, १,२६० रुपये, आणि ‘शिडाची होडी’ हे शब्द पॉलिसीत घालून घेतले.

डिसेंबर सगळा रंगात आणि शिडात गेला. त्याआधी गळतीची परीक्षा: होडी दोन स्टुलांवर ठेवून आत बादल्यांनी पाणी ओतलं आणि सगळे खाली झोपून वर बघत बसले. एका कोपऱ्यातून थेंब आला, तिथे पुन्हा माल भरला. ही परीक्षा शेडमध्येच करा, धरणावर नाही.

डोलकाठीसाठी बुरूड आळीत गेलो. पोकळ वेळू नको, भरीव माणगा हवा, असं मेस्त्रींनी पढवून पाठवलं होतं. दोन बांबू, ३६० रुपये, आणि ते सिटी बसमध्ये घेत नाहीत, तेव्हा आळीपासून गोखलेनगरपर्यंत मिरवणूक. शिडाला निळी ताडपत्री. घरगुती मशीनमधून ताडपत्रीच्या दोन घड्या जाईनात, तीन सुया मोडल्या. नात गुपचूप गुंडाळी घेऊन घरी गेली. आजींनी १८ नंबरची सुई लावली, मशीनच्या पायाखाली साबणाचा तुकडा फिरवला आणि चारही कडा दुमडून शिवून दिल्या. दीडशे रुपये घेतले. उधार नाही. दुसऱ्या संमतीपत्रावर त्यांची सही त्याच आठवड्यात झाली, मी न मागता. नात घेऊन आली. “आजी म्हणाली, माझी शिलाई आहे, फाटणार नाही.”

परवानगी ९ जानेवारीला हातात आली, १ आणि २ फेब्रुवारीसाठी. अटी: सूर्योदय ते सूर्यास्त, काठापासून दोनशे मीटरच्या आत, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, सोबत बचाव होडी. आणि जानेवारीच्या शेवटी सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांच्या एका आजाराचे, रुग्ण निघाले. दूषित पाण्याचा संशय होता. सगळ्यांच्या तोंडी पाण्याचाच विषय. पालक नको म्हणाले आणि मला ते चूक वाटलं नाही. तारीख बदलायला अजून दोन खेपा पडल्या. १५ आणि १६ फेब्रुवारी मिळाली. पिण्याचं पाणी घरून उकळून नेलं, वीस लिटरचे दोन जार.

बचाव होडी म्हणजे तिथल्याच एका मासेमारी करणाऱ्या मामांची, दिवसाचे दीड हजार. त्यांनी आमचं कपाट टेम्पोतून उतरताना बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच, “दोनच्या आधी शिकून घ्या. दोननंतर वारं डोंगरावरनं उतरतंय.”

पहिला तास फक्त उलटवणं. कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम पालथी करायची, बाहेर यायचं, होडीच्या पाण्यात उतरवायच्या फळीवर लोंबकळून सरळ करायची, पाणी उपसायचं. प्रत्येकाने दोनदा. हे आधी केलं की उरलेला दिवस कुणी उलटायला घाबरत नाही. दुसरा धडा दोरीचा. शिडाची दोरी ओढली की होडी धावते, सोडली की शीड फडफडतं आणि होडी थांबते. “भीती वाटली तर काय करायचं?” “दोरी सोडायची.” हे पन्नासदा म्हणून घेतलं. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं, हे भूमितीच्या वर्गात मी तीनदा फळ्यावर काढलं होतं. ते त्यांना पाण्यावर चौथ्या फेरीत कळलं, आणि मग ती मला समजावून सांगायला लागली.

खरं सांगायचं तर दोन मुलांना यात फारसा रस वाटला नाही. एकाला होडी बांधणं आवडलं, बसणं नाही. तो दोन्ही दिवस काठावर पुल्या दुरुस्त करत होता. चालतं.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, डबा घेऊन. पाण्यापासून वीस पावलांवर दगडावर बसल्या, चप्पल काढली नाही. सव्वादोनला मामा म्हणाले तसा वारा उतरला. नात सुकाणूवर होती, तो मुलगा दोरीवर. वळताना झुळूक बाजूने आली, त्याने दोरी सोडली, पण जरा उशिरा. निळी ताडपत्री सावकाश पाण्यावर आडवी झाली.

आजी उभ्या राहिल्या. माझा हात धरला, चांगलाच घट्ट. “बुडाली?”

“नाही आजी. पालथी झाली.”

दोन डोकी वर आली. नातीने हात वर करून काहीतरी ओरडून सांगितलं, वाऱ्यात कळलं नाही. मग दोघं फळीवर चढली, होडी डुगडुगत सरळ झाली, शिडातून पाणी गळायला लागलं. मामा बचाव होडीत वल्हं धरून नुसते बघत होते.

आजींनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. “कड उसवली का बघा,” म्हणाल्या आणि खाली बसल्या.

उसवली नव्हती. होडी सध्या मामांच्या अंगणात दोन टायरांवर पालथी आहे. तिच्याखाली कोंबड्या बसतात. मे महिन्याच्या सुट्टीसाठी नवा अर्ज द्यायचाय, नमुना तोच. या वेळी तो भरायचं काम नववीतल्या त्या मुलाने मागून घेतलं. परवा घेऊन आला. इंजिन क्रमांकाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वारा’. अश्वशक्तीच्या रकान्यात, ‘दोननंतर विचारा’. मी म्हटलं, बाबा रे, हे ऑफिसात चालणार नाही. तो म्हणाला, “माहितीये, ताई. तुमच्यासाठी वेगळी कॉपी काढली होती,” आणि दप्तरातून दुसरा अर्ज काढून दिला, दोन्हीकडे ‘लागू नाही’ लिहिलेला. झेरॉक्सचे दोन रुपये मागितले.